संत्रीबाबू

कृष्णनगरच्या समाद्दारांच्या घरात ‘संत्रीबाबू’ ही शिवी नाही, पण शिवीच्या फार दूरही नाही. तीनदा नाही म्हटल्यावर चौथ्यांदा कागद पुढे करणारा विमा एजंट म्हणजे संत्रीबाबू. मासळी साफ करताना दहा वेळा हाकललं तरी अकराव्यांदा येऊन बसणारा बोका म्हणजे संत्रीबाबू. नकार ज्याच्या डोक्यात शिरत नाही, त्याचं या घरात हेच नाव.

या नावामागची गोष्ट इला बौदी, म्हणजे घरातल्या थोरल्या वहिनी, फार रंगवून सांगायच्या. त्या या घरात नवी नवरी होत्या तेव्हाचं हे, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचं. त्यांची नणंद सुप्रभा हिला निरुपम बागची नावाच्या मास्तराचं स्थळ आलं होतं. सुप्रभानं नाही म्हटलं. काही महिन्यांनी मास्तरानं पत्र घातलं. तिनं पुन्हा नाही कळवलं. आणि नंतरच्या रविवारी हा माणूस थेट आलीपुरदुआरहून चौदा तास गाडीत बसून दारात हजर! इस्त्रीचं धोतर, नवा पंजाबी कुडता, आणि हातात संत्र्यांची ही एवढी करंडी.

‘‘आणि हसत होता गं!’’ बौदी हमखास इथे थांबायच्या. ‘‘नकार घेऊन आलेला माणूस असा हसतो होय? जसं काही मुहूर्तच काढायला आलाय.’’

सुप्रभा त्या दिवशी मागच्या दारानं निघाली आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जाऊन दुसरीची ड्यूटी करत बसली. तिच्या दादानं सांगितलं, ती घरी नाही. मास्तर म्हणाला, थांबतो. सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत तो बाहेरच्या बाकावर बसून राहिला. बौदींनी एक कप चहा नेऊन दिला. चार वाजता तो उठला, करंडी तिथेच ठेवून गेला आणि पुन्हा कधी आला नाही. संत्री मात्र गोड निघाली, असं बौदी शेवटी सांगत, आणि सगळे हसत. सुप्रभासुद्धा हसायची. तिचा भाचा हे ऐकत वाढला, भाच्याची बायको पापिया लग्न होऊन आली तिनेही पहिल्या वर्षातच ऐकलं, आणि बोक्याला हे नाव दिलं ते तिनेच.

आता सुप्रभा अडुसष्ट वर्षांची आहे. एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. पेन्शन आहे, गुडघे दुखतात, दोनदा पुरीला जाऊन आली. लग्न न केल्याचं तिला दुःख असावं असं पुष्कळांना वाटे, पण तिनं त्यांना कधी तशी संधी दिली नाही. ती बाई मुळात ठाम. आणि त्या ठामपणाचं मूळ एका कादंबरीत होतं, हे मात्र तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

ती कादंबरी ‘चूर्णीपार’. सत्त्याहत्तर सालच्या पूजा अंकात, म्हणजे दुर्गापूजेला निघणाऱ्या, दिवाळी अंकासारख्या अंकात आली होती. पूजा अंक घरात आला की कोणी आधी वाचायचा यावर त्या काळी भांडणं होत. आधी दादा, मग आई, मग धाकटी म्हणून सुप्रभा. तिच्या हाती आला तोवर अंकाच्या पानांवर आईच्या पानाच्या विड्याचे डाग पडले होते. त्यात बिनता नावाची शिक्षिका होती, चूर्णी नदीकाठची शाळा होती, आणि तिला घेऊन जायला आलेला सोमेश होता. शेवटी सोमेशची नाव येते, माझी, म्हणजे नावाडी, हाका मारतो, आणि बिनता घाटाच्या पायरीवरून हलत नाही. नाव वळणापलीकडे जाते. संपलं. खाली अर्ध्या पानावर केशतेलाची जाहिरात.

सुप्रभाची तेव्हा नोकरी नवी, आईला दमा, आणि निरुपमला उत्तर द्यायचं राहिलेलं. निरुपम तिला आवडत नव्हता असं नाही. तो नोकरीवर आलीपुरदुआरला जाण्याआधी इथल्या सार्वजनिक वाचनालयात दोघं एकाच टेबलावर वर्तमानपत्राची पानं वाटून घेत. तिचं मन पंधरा दिवस इकडून तिकडे होत होतं. ते शेवटचं पान वाचलं आणि तिचं ठरलं. बिनता थांबू शकते तर मी का नाही?

निरुपमचं पत्र आलं ते फाल्गुनात. एकाच ओळीचं : ‘‘‘चूर्णीपार’ वाचलंस का? वाच आणि मग कळव.’’

सुप्रभाला रागच आला. वाचलंस का म्हणे! तिला तर पानंच्या पानं पाठ होती. तिनं तितकंच तोडून लिहिलं : ‘‘वाचलंय. माझं उत्तर त्याच्या शेवटच्या पानावर आहे.’’ हे वाक्य तिला तेव्हा फार आवडलं होतं. पुढे कित्येक वर्षं आवडत राहिलं. आणि एवढं स्पष्ट लिहूनही जो माणूस संत्री घेऊन येतो, त्याला काय म्हणायचं? तिनं नावं ठेवणाऱ्यांना कधी अडवलं नाही.

निरुपमनं पुढे तिकडेच लग्न केलं, हेडमास्तर झाला, आणि कोरोनाच्या साली गेला. हे सगळं तिला उडत उडत कळलं.

गेल्या पावसाळ्यानंतर पापियानं तिला फोनवरच्या एका वाचन मंडळात घातलं. ‘‘पिशी, दिवसभर खिडकीत बसून रिक्षा मोजण्यापेक्षा हे बरं,’’ असं तिचं आपल्या या आत्येसासूला सांगणं. मंडळ चालवणारी तिस्ता ही बेंगळुरूत नोकरी करणारी मुलगी. दर रविवारी सकाळी दहाला चौदा-पंधरा चेहरे फोनच्या काचेवर दाटीवाटीनं जमत. जुनी कादंबरी पुन्हा वाचायची, आठवड्याला तीन प्रकरणं, असा बेत. तिस्तानं ‘चूर्णीपार’चं नाव टाकलं तेव्हा सुप्रभानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना ऐकवलं, ‘‘मला ती पाठ आहे.’’ ट्रंकेतून पूजा अंक काढून, डांबराच्या गोळ्यांचा वास झटकून, ती तयारीत बसली.

पहिल्या रविवारी दुसऱ्याचं बोलणं संपलं की ती सवयीनं म्हणायची, ‘‘बोला, लाइन चालू आहे.’’ सगळे हसले. मग ते मंडळाचं ठरलेलंच वाक्य झालं.

दुसऱ्या आठवड्यात गडबड सुरू झाली. लोक पोस्टमास्तरच्या बायकोबद्दल बोलायला लागले. सुप्रभाच्या अंकात पोस्टमास्तरच नव्हता, तर बायको कुठून येणार?

‘‘मासीमा, तुमच्याकडे पूजा अंक आहे ना? मग नसणारच,’’ तिस्ता म्हणाली. ‘‘लेखक नंतर पुस्तक करताना वाढवतात.’’

‘‘ते ठाऊक आहे गं मला. भातात पाणी घालून पेज करतात, तसंच ना?’’

‘‘समाद्दारबाई, पेजेनं पण पोट भरतं बरं का,’’ जमशेदपूरचे भवतोषबाबू म्हणाले. हे गृहस्थ उमेदीत कोलकात्याच्या छापखान्यात फोरमन होते, त्यामुळे कुठल्याही पुस्तकाबद्दल ते स्वतःच्या हातानं जुळवल्यासारखं बोलत.

पूजा अंकातली कादंबरी आणि मागाहून निघणारं पुस्तक एक नसतं, हे बंगालात शेंबड्या पोराला ठाऊक. सुप्रभालाही होतं. दुसऱ्या कुठल्याही कादंबरीबद्दल तिनं ते स्वतःच सांगितलं असतं. पण ‘चूर्णीपार’ तिच्या ट्रंकेत होती, पुस्तक विकत घ्यायची गरजच पडली नाही. मधे चार माणसं वाढली असतील, पण शेवट तो शेवटच. अशी तिची खात्री होती, आणि खात्रीची गोष्ट कोण तपासून पाहतं?

शेवटचा रविवार जवळ आला तशी तिस्ता म्हणाली, ‘‘शेवटचं पान सुप्रभा मासीमांनी वाचायचं. एक्स्चेंजचा आवाज आहे.’’ सगळ्यांनी अंगठे वर केले. सुप्रभा खूश झाली, आणि ती खुशी तिनं लपवली नाही. पापियाला सांगून धुतलेली साडी काढून ठेवली.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिस्तानं पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणाचे फोटो पाठवले, सगळ्यांचं पान एकच असावं म्हणून. सुप्रभा भिंग घेऊन व्हरांड्यात बसली. नाव येते, माझी हाका मारतो, बिनता हलत नाही, नाव वळणापलीकडे जाते. सगळं जागच्या जागी होतं. पण खाली केशतेल नव्हतं. पान पुढे चालू होतं.

पुढे सकाळ होत होती. बिनता शाळेची किल्ली शेजारणीच्या हाती देत होती. घाटावर भाजीची नाव लागली होती आणि बिनता स्वतःच हाक मारत होती : ‘‘माझी, थांबा, मलाही यायचंय.’’ तिथे पुस्तक संपत होतं.

सुप्रभानं ते चार वेळा वाचलं. मग तिस्ताला लिहून विचारलं, पुस्तकाची पहिली आवृत्ती कधीची?

उत्तर आलं, ‘‘बंगाली माघ १३८४, मासीमा, म्हणजे अठ्ठ्याहत्तरचा जानेवारी. का हो?’’

पूजा अंक आश्विनातला, पुस्तक माघातलं, पत्र फाल्गुनातलं. निरुपम त्या थंडीत कोलकात्याला पुस्तकांच्या जत्रेला गेला होता, हे त्यानंच वाचनालयातल्या कोणाला तरी कळवल्याचं तिला आता आठवलं. त्यानं पुस्तक वाचलं होतं. आणि तिनं त्याला लिहिलं होतं, माझं उत्तर शेवटच्या पानावर आहे.

ती बराच वेळ भिंग हातात धरून बसली. पापियानं चहा आणून ठेवला, तो गार झाला. तिला रडू आलं नाही. लाज वाटली, आणि ती लाज कुठे ठेवावी हे तिला कळेना. बाहेरचा बाक अजून तिथेच होता. रंग बदलला होता, बाक तोच.

रविवारी दहाला ती धुतलेली साडी नेसून बसली. शेजारी खुर्चीत इला बौदी. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून पापियानं आवाज मोठा करून ठेवला होता. सुप्रभानं सगळं पान वाचलं, कुठे अडखळली नाही. ‘‘माझी, थांबा’’ म्हणतानाही आवाज हलला नाही. चौतीस वर्षं लग्नाच्या, मरणाच्या बातम्या जोडून दिलेला आवाज तो.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भवतोषबाबू म्हणाले, ‘‘पण बाई, तुम्ही तर म्हणत होता ती जात नाही!’’

‘‘माझ्या अंकात नाही जात.’’

‘‘खरंच?’’ तिस्ता खुर्चीतून उठलीच. ‘‘मासीमा, तुमच्याकडे तो शेवट आहे? वाचा ना, वाचा!’’

सुप्रभानं तोही वाचला. शेवटची ओळ झाल्यावर म्हणाली, ‘‘खाली केशतेलाची जाहिरात आहे.’’

‘‘मग झालं तर!’’ भवतोषबाबूंना जोर आला. ‘‘अहो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. अंक मशीनवर चढायला आलेला, आणि ऐन वेळी जाहिरात यायची. मग संपादकाचा लेखकाला निरोप, बाबा, अर्धं पान कमी करा. लेखक बिचारा जिथे जमेल तिथे थांबवायचा. तुमची बिनता घाटावर राहिली ती तेलाच्या बाटलीमुळे!’’

सगळे पोट धरून हसले. कोणता शेवट बरा, यावर मत घेतलं. पुस्तकाला अकरा, अंकाला दोन. अंक कच्चा वाटतो, घाईचा वाटतो, असं एक-दोघं म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं.

‘‘आणि मासीमा, तुमचं मत?’’

‘‘मला सवय पहिल्याची आहे,’’ सुप्रभा म्हणाली आणि तिनं फोन पापियाच्या हाती दिला.

मागच्या अंगणात बौदी विळीवर मासा कापायला बसल्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही हे काम त्या दुसऱ्याला देत नाहीत. सुप्रभा पाटावर बसून वाटाणे सोलू लागली. भिंतीवरून बोका उतरला. पापियानं झाडू उगारला.

‘‘आला बघा संत्रीबाबू! सकाळपासून तिसऱ्यांदा.’’

बौदी हसल्या. ‘‘तो खरा तरी एकदाच आला होता बाई. पण काय आला होता! धोतराला इस्त्री, हातात करंडी...’’

‘‘बौदी,’’ सुप्रभा म्हणाली, ‘‘पुरे आता. त्याला हसू नका.’’

‘‘अगं बाई! सत्तेचाळीस वर्षं हसतोय की. तूच जास्त हसायचीस.’’

‘‘मी लिहिलं होतं त्याला. माझं उत्तर ‘चूर्णीपार’च्या शेवटच्या पानावर आहे म्हणून.’’ तिनं एक शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले. ‘‘त्यानं पुस्तक वाचलं होतं. आत्ता ऐकलंत ना तुम्ही, पुस्तकातली काय करते ते?’’

पापियाचा झाडू खाली आला. ‘‘पिशी... म्हणजे त्यांना वाटलं, तुमचा होकार आहे?’’

‘‘वाटलं काय? होताच तो होकार. माझ्याच अक्षरात. बोलावलं म्हणून आला होता गं तो. आगाऊ नव्हता.’’

बोका माशाच्या डोक्यापर्यंत पोचला होता. कोणी त्याला हाकललं नाही.

बौदींचे हात विळीवर तसेच राहिले. त्या बाहेरच्या दाराकडे बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, ‘‘पाच तास बसला होता, सुप्रभा. आणि मी त्याला एकच कप चहा दिला.’’