काढा, वन्सं आणि माझं यकृत

माझा डावा पाय गेली दोनतीन वर्षं माझं ऐकेनासा झाला होता. मी पुढे निघाले की हा मागे रेंगाळायचा. बऱ्याच तपासण्यांनंतर डॉक्टरीणबाईंनी निदान सांगितलं: मल्टिपल स्क्लेरोसिस, तोही हळूहळू वाढतच जाणारा. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते, म्हणून तिला आवर घालणारं औषध सलाइनमधून द्यायचं ठरलं.

हे कळताच माझ्या थोरल्या नणंदबाई येरवड्याहून बॅग घेऊनच आल्या. वन्सं मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्यात, पण हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

"प्रतिकारशक्ती कमी करायची? अगं, सगळं जग ती वाढवतंय!"

"वन्सं, माझी जरा जास्तच उत्साही आहे."

"मग तिला वळण लावायला हवं," म्हणाल्या आणि दुसऱ्या सकाळपासून गुळवेलीचा काढा सुरू. पेलाभर, कडूजहर. शेवटचा घोट घशाखाली उतरेपर्यंत त्या समोर उभ्या. नवऱ्याकडे आशेनं पाहिलं, तर तो म्हणाला, "पिऊन टाक. लहानपणापासूनचा अनुभव आहे, नाही म्हटलं की दोन पेले मिळतात."

पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे वन्संही आल्या. प्रश्न विचारायला, अर्थात. डॉक्टरांनी शांतपणे सगळं सांगितलं. पाय पूर्ववत होईल असं नाही. बिघडण्याचा वेग कमी व्हावा, एवढीच आशा. जंतुसंसर्ग सहज होऊ शकतो. अंगात दडलेला क्षय किंवा कावीळ डोकं वर काढू शकते, म्हणून तपासण्या आधीच करून घेतल्या होत्या. लशीही आधीच घ्यायच्या, कारण औषधानंतर त्या नीट लागू पडत नाहीत.

"बाकी ठीक आहे," रिपोर्ट बघत डॉक्टर म्हणाल्या, "पण यकृताची तपासणी बिघडलीये. दुसरं काही घेता का?"

मी तोंड उघडायच्या आत वन्संनी अभिमानानं उत्तर दिलं, "गुळवेलीचा काढा. रोज. मी स्वतः करते."

"आजपासून बंद. काहीजणांच्या यकृताला तो बाधतो. आणि ज्या प्रतिकारशक्तीला आपण आवरायला निघालोय, तिलाच खुराक कशाला?"

औषध लांबणीवर पडलं. रिक्षात वन्सं माझा रिपोर्ट उलटसुलट करून वाचत होत्या. मला, खरं सांगते, मौज वाटत होती. पण घरी पोचल्यावर पायऱ्या चढताना पाय अडला आणि मौज संपली. इथे एकेक आठवडा महत्त्वाचा होता.

वन्सं मात्र हरणाऱ्यातल्या नव्हत्या. फेरतपासणीच्या दिवशी त्यांनी पर्समधून स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट काढून टेबलावर ठेवला. "मीही तोच काढा प्यायले. माझं यकृत उत्तम आहे. बघा."

डॉक्टरांनी चष्मा लावून तो नीट वाचला. "अभिनंदन. पण औषध तुम्हाला द्यायचं नाहीये."

पुण्यात राहून एवढं आयुष्य गेलं, पण वन्संना माघार घेऊन कागद पर्समध्ये परत ठेवताना मी प्रथमच पाहिलं. काढा थांबल्यामुळे माझंही यकृत ताळ्यावर आलं होतं.

सलाइनच्या दिवशी आधी ॲलर्जी होऊ नये म्हणून इंजेक्शन दिलं, मग थेंब थेंब औषध सुरू झालं. जरा वेळानं घसा खाजायला लागला. मी उगाच खाकरत, "काही नाही हो, गप्पांनी सुकला असेल," म्हणाले.

"तू बोललीच कुठे? बोलतेय मी!" वन्सं उठल्या. "आणि कान बघ किती लाल झालेत. सिस्टर!"

सिस्टरनं सलाइन थांबवलं, औषध दिलं. खाज ओसरल्यावर सलाइन पुन्हा सुरू केलं, पण अगदी हळू. वन्सं माझा हात घट्ट धरून एकेक थेंब मोजत बसल्या. "घाबरू नकोस," त्या मला म्हणत होत्या. मी घाबरले होतेच, पण त्यांच्याइतकी नाही.

आता औषध सुरू होऊन वर्ष उलटून गेलंय. मी काही धावत नाही. काठी घेऊन मंडईत जाते, तेही गर्दी नसताना. पाय आहे तिथेच आहे, आणि डॉक्टर म्हणतात, यालाच यश म्हणायचं. मध्ये एकदा ताप आला, तेव्हा "सकाळी बघू" म्हणायची सोय नव्हती. तोवर येरवड्याला परतलेल्या वन्संनी फोनवरूनच नवऱ्याला फैलावर घेतलं आणि मला तडक दवाखान्यात धाडलं. लघवीचा संसर्ग निघाला, वेळेवर आटोक्यात आला.

परवा वन्सं आलेल्या असताना नवरा एकदाच शिंकला. त्यांनी त्याला त्याच्या स्वतःच्या घराच्या गॅलरीत जेवायला वाढलं.