नानांचा विरोध

सभेत जे ठरतं ते इतिवृत्तात जातं. जे घडतं ते कुठंच जात नाही, माझ्याकडे साठत राहतं! नगरपालिकेत इतिवृत्त लिहायचं काम माझं. भिंतीला टेकून बसायचं, मान खाली घालून लिहायचं. मी फारशी बोलत नाही, म्हणून माझ्यासमोर सगळे बिनधास्त बोलतात.

बाहेरच्या बाकड्यावर हिराबाई असतात. पत्र्याच्या खोलीत एकट्या राहतात, आणि खोलीखालची जागा पालिकेची. ती जागा त्यांना द्यायचा ठराव सभेनं केला, तर महिनाअखेरच्या यादीत घरकुल. नाहीतर पुन्हा पत्राच. त्यांचा विषय अजेंड्यावर घ्यायचं काम माझं होतं. अजेंडा मी माझ्या हळदीच्या आदल्या दिवशी टाइप केला. पाणीपट्टी आली, गटार आलं, स्मशानातला दिवा आला. हिराबाई राहिल्या!

रजेवरून परतले तोवर अजेंडा वाटून झाला होता. हिराबाईंना सांगितलं. त्या माझ्या हातांकडं बघत म्हणाल्या, "मेंदी लई रंगलीय गं."

*

सुमनताई आमच्या नगरसेविका. त्यांचे मिस्टर सभागृहात शेजारी बसायचे. नव्या मुख्याधिकाऱ्यांनी ते बंद केलं, तर मिस्टर खिडकीबाहेर उभे राहायला लागले. एकदा खोकले की ताईंचा हात वर, दोनदा खोकले की खाली. व्यवस्था उत्तम चालली होती.

मग एकदा त्यांना खरोखरच सर्दी झाली. गटाराच्या एका विषयावर सुमनताईंचा हात पाच वेळा वर-खाली झाला. शेवटी त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या. "अहो, घरी जा. आलं घालून चहा घ्या." खिडकी लावली, कडी घातली आणि वळून म्हणाल्या, "उतार उलटा धरलाय. सगळं पाणी शाळेत शिरंल. नकाशा आणा."

दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज ऐकला. कडी अजून तशीच आहे.

*

लग्नानंतर मी टाइप केलेली पहिली नोटीस अतिक्रमणाची. घरमालकाच्या नावापाशी बोटं थांबली. सासरे! जिन्याच्या खालच्या दोन पायऱ्या रस्त्यावर आल्या होत्या.

संध्याकाळी घरी गेले, तर नोटीस माझ्याआधी पोचलेली. सासऱ्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"कुणी काढली?"

"मुख्याधिकाऱ्यांनी."

"आणि टाइप?"

मी भाकरी उलटली.

"बघा," ते सासूबाईंना म्हणाले, "आपल्या घराच्या नावानं आलेला पहिला बिनचुकीचा कागद!"

रविवारी पायऱ्या फोडल्या. आता आम्ही सगळे तिसऱ्या पायरीवरून उडी मारतो. सासरे मारताना मोठ्यानं म्हणतात, "नोटिशीप्रमाणे!"

*

आमचे शिपाई गुलाबमामा राहतात हिर्डोशीला. साडेचारची एसटी चुकली तर पुढचं सगळं पायी. त्यामुळे सव्वाचार वाजले की मामा सभागृहातल्या खुर्च्या गोळा करायला लागतात. एकदा नगराध्यक्षा म्हणाल्या, "मामा, अजून तीन विषय आहेत!"

"घ्या की मॅडम. विषयाला खुर्ची कशाला लागती?"

तिन्ही विषय उभ्या उभ्या चार मिनिटांत मंजूर झाले. त्यातला एक अर्थसंकल्प होता!

*

विरोधी पक्षात आता नाना एकटेच उरलेत. सगळ्याला विरोध करतात. रजेनंतरच्या माझ्या पहिल्या सभेची सुरुवात माझ्याच लग्नाच्या अभिनंदनाच्या ठरावानं झाली. नाना उठले. "विरोध नोंदवा."

"अहो नाना, तुम्ही तर लग्नात जेवून आलात! कुकर दिलात!"

"जेवलो ते घरचा माणूस म्हणून. विरोध पक्षाचा."

मी लिहिलं: ठराव बहुमताने मंजूर.

*

आता याच सभेचा शेवट.

अजेंड्यावर नसलेला, ऐनवेळचा विषय असला, तर आमच्याकडे रीत अशी, की एकाचाही विरोध नसेल तरच घ्यायचा. म्हणून सभेआधीच मी नानांना जिन्यात गाठलं होतं. चूक माझी आहे, म्हटलं. आज विषय झाला नाही, तर हिराबाईंची महिनाअखेरची यादी हुकेल.

"चूक कुणाची बी असू दे," नाना म्हणाले. "ऐनवेळचा विषय म्या आजवर एक बी जाऊ दिला न्हाई. आज एका म्हातारीचा सोडला, तर उद्या हेच लोक ऐनवेळी अख्खं मैदान इकतील."

ते खरंच होतं.

सव्वाचार वाजले. मामांनी खुर्च्या उचलायला सुरुवात केली. नगराध्यक्षांनी घाईघाईनं विषय वाचला. हिराबाई बाकड्यावरून उठून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कुणाचा विरोध?"

सगळ्यांनी नानांकडं पाहिलं. मी त्यांचं नाव आधीच लिहून ठेवलं होतं.

नाना उठले. "मी जरा पाणी पिऊन येतो." दारात हिराबाईंना "सरक गं आक्का" म्हणत ते बाहेर गेले. मामांनी लगेच त्यांची खुर्ची उचलली.

"हजर सदस्यांपैकी कुणाचाही विरोध नाही. मंजूर!"

नाना परत आले. खुर्ची नव्हती, म्हणून उभेच राहिले. "काय झालं इषयाचं?"

"मंजूर झाला, नाना."

"मी हितं नव्हतो म्हणून! असतो तर झाला असता व्हय?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "लिही पोरी. सदस्य पाणी प्यायला बाहेर गेले होते."

मी लिहिलं.

त्यांच्या टेबलावर सभेची पाण्याची बाटली होती. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. ते मी इतिवृत्तात घेतलं नाही.