रविवारची लाइन

फोनची मशीन बसवणं हा माझा धंदा. यवतमाळात दुकान आहे, पण दुकानात मी कमीच सापडतो. कापसाचे जिनिंग कारखाने, दवाखाने, लॉज, शाळा, जिथं बाहेरचा नंबर एक आणि आतले फोन पुष्कळ, तिथं माझं काम. मोबाइलच्या दिवसांत हे कोण घेतं, असं लोक विचारतात. घेतात. माणसं बदलतात, नंबर तोच राहावा असं ज्याला वाटतं तो घेतो.

मी बोलका माणूस नाही. घरी तर नाहीच. बायको म्हणते, "दुनियेचे फोन जोडता न् घरात तोंडाले कुलूप." ती हे हसत म्हणते. पण मागची दीड-दोन वर्षं त्या कुलपाच्या आत काय होतं ते तिला माहीत नव्हतं. आता सांगितलं आहे, म्हणून लिहायलाही धीर आला.

महागावच्या बाजूला मुलींची एक निवासी शाळा आहे. आजूबाजूच्या तांड्यांवरच्या आणि खेड्यांतल्या मुली तिथं राहून शिकतात. मुलींना मोबाइल ठेवायची मनाई. आईबापांनी रविवारी शाळेच्या नंबरवर फोन करायचा, होस्टेलच्या मावशींनी तो उचलायचा, पोरीचं नाव घेऊन हाक मारायची, पोरीनं धावत यायचं, असा रिवाज. आधी तिथं साधा एकच फोन होता. मग शाळेनं मशीन घेतली आणि ती बसवायला मी गेलो.

माझं काम थोडं समजावून सांगतो, नाहीतर माझी चूक कळायची नाही. बाहेरून जी लाइन येते तिला आम्ही ट्रंक म्हणतो. ती मशीनमध्ये येते, आणि तिथून आतल्या कोणत्या फोनवर उतरवायची ते मी ठरवून देतो. सोमवार ते शनिवार दिवसा ती ऑफिसात उतरावी, संध्याकाळनंतर होस्टेलमध्ये, आणि रविवारी दिवसभर होस्टेलमध्ये. मशीनच्या आत घड्याळ असतं, वार असतो. एकदा भरून दिलं की ती आपली आपण लाइन फिरवत बसते.

शाळांची कामं मी रविवारीच करतो. वर्ग रिकामे असतात, वायर ओढायला कोणी आडवं येत नाही. त्या रविवारीही मुख्य इमारतीत मी एकटाच होतो. होस्टेल मैदानाच्या पलीकडे. ट्रंक तपासताना दर वेळी होस्टेलचा फोन खणखणून मुली पळत येऊ नयेत म्हणून मी रविवारची लाइन माझ्या टेस्टिंगच्या फोनवर उतरवून घेतली. आम्ही सगळेच असं करतो. तो फोन जिन्याखालच्या खोलीत मशीनच्या बाजूच्या गाद्यांवर ठेवला होता. जुन्या गाद्या, फुटके बाक, मोडकी सायकल, असली ती खोली. सगळं चाललं. वायरी आवरल्या, खोलीला कुलूप लावलं, चावी ऑफिसात दिली. रविवारची लाइन परत होस्टेलवर फिरवायची राहिली. टेस्टिंगचा फोनही तिथंच राहिला. तो कुठं राहिला ते आठवेना, म्हणून मी दुसरा घेतला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक सरांसमोर सगळे फोन लावून दाखवले. तो सोमवार होता. सोमवारचं सगळं बरोबर होतं.

पुढं काही महिन्यांनी सरांचा फोन आला. "जरा येऊन जा. पालक बोंबलून राह्यले. ऐतवारी कोणी फोनच उचलत नाही म्हणतात."

गेलो, तेव्हा सर खुर्चीत, दोघं-तिघं शिक्षक आजूबाजूला, आणि दाराशी होस्टेलच्या मावशी उभ्या. पन्नाशीच्या, बंजारा समाजाच्या. जवळच्याच तांड्यातल्या. मुली त्यांना याडी म्हणायच्या, म्हणजे आई. त्यांच्या शब्दावर त्यांच्या तांड्यातल्या बायांनी आपल्या पोरी या शाळेत धाडल्या होत्या. हे मला नंतर कळलं.

सर म्हणाले, "मी स्वतः घरून लावून पाह्यला ऐतवारी. रिंग जाते, जाते, जाते. उचलते कोण? कोणीच नाही."

मावशी म्हणाल्या, "वाजतच नाही तं उचलू काय, सर? म्या जेवाचं ताट घेऊन त्याच्याजवळ बसतो."

मी खिशातून मोबाइल काढला, शाळेचा नंबर लावला. टेबलावरचा फोन वाजला. मग होस्टेलचा आतला नंबर फिरवला, तोही तिकडून कोणीतरी उचलला. मी सरांना म्हणालो, "मशीन ओके आहे."

"आज वाजते, भाऊ," मावशी म्हणाल्या. "ऐतवारी नाही वाजत."

आणि मी हसलो. अजून ते हसू मला माझ्याच कानात ऐकू येतं. म्हणालो, "मावशी, फोनले कसा वार समजीन? त्याले का ऐतवारची सुट्टी रायते?"

खोलीतले सगळे हसले. सर तर टेबलावर हात मारून हसले. मावशींनी पदर डोक्यावर ओढून घेतला. माझ्या त्या एका वाक्यानं त्यांची गोष्ट संपली. बाकी कोणालाही तो विनोद शोभला असता. मला नाही. त्या खोलीत फोनला वार समजतो हे ठाऊक असलेला एकटा मीच होतो. मीच तर तो भरून दिला होता. आणि बाहेरच्याच्या कानात रिंग गेली म्हणजे आतला हवा तोच फोन वाजला असं नसतं, हेही मलाच माहीत होतं. पण तेव्हा डोक्यात आलं नाही. इथपर्यंत ती चूक होती. इथपर्यंतच असती तर मी झोपलो असतो.

मावशींना होस्टेलवरून काढून स्वयंपाकघरात टाकलं. पोरींच्या आयांचे फोन मुद्दाम उचलत नाही, झोपा काढते, असा त्यांच्यावर ठपका. थोड्याच दिवसांत त्या शाळाच सोडून गेल्या.

त्यानंतरच्याच रविवारी मी त्याच शाळेत एक जास्तीचा फोन जोडायला गेलो. इमारतीत कोणी नाही. जिन्याखालची खोली उघडली, लाइट लावला, आणि गाद्यांच्या ढिगामागून बारीक आवाज आला. फोन वाजत होता.

तो माझाच होता. हरवलेला. धुळीनं भरलेला, आवाज मीच कमी करून ठेवलेला. वाजून बंद झाला. परत वाजायला लागला. मी गाद्या बाजूला सारल्या आणि उचलला.

"हालो! याडी? लागला का वं माय एकदाचा! माह्या पोरीले बोलाव ना, याडी…"

बाईचा आवाज. मावशी आता तिथं नाहीत हे तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं बहुतेक.

मी म्हणालो, "राँग नंबर." आणि ठेवून दिला.

का म्हणालो? खूपदा स्वतःला विचारलं. तिला म्हणायला हवं होतं, ताई, दोन मिनिटं थांबा, लाइन फिरवून देतो. पण 'तुम्ही कोण' असं तिनं विचारलं असतं. मी कोण, हेच मला त्या घडीला कोणाला सांगायचं नव्हतं.

लॅपटॉप उघडला. रविवारच्या रकान्यात माझ्या टेस्टिंगच्या फोनचा नंबर बसलेला. तो काढून होस्टेलचा टाकला. जराशानं मैदानाच्या पलीकडे फोन खणखणला. कोणीतरी पोरीचं नाव घेऊन मोठ्यानं हाक मारली, आणि चपलांचा फटफट आवाज पळत गेला. मी धुळीचा फोन पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी फोनवर सर म्हणाले, "सगळं ओके ना?"

"ओके."

पुढच्या महिन्यात आणखी कशासाठी तरी फोन झाला, तेव्हा सर खुशीत होते. "नवी बाई काय तयार आहे हो! ऐतवारी पहिल्या रिंगला उचलते. पालकांची एक कंप्लेंट नाही." मी हो हो केलं.

मग मी ती शाळा टाळू लागलो. दुसऱ्या कोणाला पाठवायचो. घरी रविवारी फोन वाजला की दचकायचो. बायको म्हणे, "कोणाचं देणं-घेणं तं नाही ना तुमच्या मागं?" मी म्हणे, नाही.

या दिवाळीनंतर महागावजवळच्या एका जिनिंगवर लाइन बदलायचं काम निघालं. कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. तिथं गाडीजवळ काही बाया सावलीला बसल्या होत्या, त्यांतली एक उठून सरळ माझ्याकडे आली. मी ओळखलं. त्यांनीही.

"काहो मशीनवाले भाऊ," मावशी मोठ्यानं म्हणाल्या, "फोनले वार समजाले लागला का नाही अजून?"

मागच्या बाया हसल्या. त्यांना ही गोष्ट पाठ असणार. पळायला जागा होती, मोटरसायकल समोरच होती.

मी म्हणालो, "समजते, मावशी."

"काय?"

"फोनले वार समजते. ऐतवार समजते. तुम्ही खरं बोलत होत्या."

तिथंच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लाइन कशी उतरते, मी ती कुठं उतरवली, कशी विसरलो, नंतर गपचूप कशी फिरवली.  शेवटी मावशींनी एवढंच विचारलं, "मंग वाजे कुठं?"

"जिन्याखालच्या खोलीत. गाद्यांच्या मागं."

"कुलपात?"

"हो."

 मावशी म्हणाल्या, "मले एकटीले सांगून काय करतं? मले मालूमच होतं का म्या झोपत नव्हतो. माह्या तांड्याच्या बायांनी माह्याशी बोलणं सोडलं. माहेरासारख्या बाया माह्या. म्हणतात, आपल्याच पोरीयले तरसवलं हिनं. ह्या ह्या बसल्या ना, ह्या दुसऱ्या गावच्या हायेत, म्हणून संग बसतात. तू तांड्यात ये. ऐतवारी. सगळ्यायच्या पुढं सांग."

मी हो म्हणालो. पण एक गोष्ट मी त्यांनाही सांगितली नव्हती. राँग नंबरची.

रविवारच्या आधी शाळेत जाऊन आलो. सर ऐकून खुर्चीत मागं टेकले. "आता कायले उकरता हो? झालं ते झालं. यायचं असीन तं येऊ द्या बाईले, स्वयंपाकात जागा आहे." होस्टेलवर का नाही, असं मी विचारलं. तर नवी बाई चांगली आहे म्हणाले.

रविवारी बायकोला सांगून निघालो. तिनं पाण्याची बाटली पिशवीत घातली.

तांड्यात मावशींच्या घरासमोर निंबाखाली बाया जमल्या होत्या. काही मावशींकडे पाठ करून बसल्या होत्या. मावशींनी मला बाज टाकून दिली, चहा दिला. मला बाजेवर बसवलं ते जास्तच लागलं. मी उठून उभा राहिलो आणि बोललो. ट्रंक, मशीन, रविवारचा रकाना, हे शब्द तिथं चालत नव्हते. मग म्हणालो, पाटाचं पाणी असतं ना, तसं समजा. विहिरीत पाणी आहे, मोटर चालू आहे, पण मी बांध फोडून पाणी दुसऱ्याच वावरात सोडलं, आणि बंद करायचं विसरलो. मावशी आपल्या वावरात कोरड्या पाटाशी बसून होत्या.

एक म्हातारी म्हणाली, "अन् आम्ही इकडं मोटर चालू करून करून मेलो!"

"हो आजी."

"तुह्या घरचा फोन कुठं वाजते रे? शेजाऱ्याच्या न्हाणीत?"

सगळ्या हसल्या. पाठ करून बसलेली एक वळली. मावशींच्या तोंडावरही हसू आलं. मला वाटलं, सुटलो. खरंच तसं वाटलं, लपवत नाही.

तेवढ्यात मागं बसलेली एक बाई हळूच म्हणाली, "पण एकदा उचलला होता कोणंतरी. मी ऊसतोडीवरून फोन केलता तवा."

"कोणं उचलला?" म्हातारीनं विचारलं.

"बाप्या माणूस होता. राँग नंबर म्हणला न् ठेवून देल्ला." ती ओशाळून पदराशी चाळा करत होती. "मंग मले वाटलं, मलेच नंबर लावता येत नाही. तवापासून मी नाही लावत. पोऱ्यायच्या हातून लावून घेतो."

तो आवाज मी ओळखला. मावशी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काही कळलं नव्हतं, त्या फक्त मी काय सांगतो त्याची वाट बघत होत्या, कारण फोनचं सगळं मला समजतं. लाइनमध्ये बिघाड असेल, क्रॉस कनेक्शन असेल, मी काहीही म्हणालो असतो तरी चाललं असतं. आताच सगळ्या हसल्या होत्या.

"तो मीच होतो," मी म्हणालो. "नंबर बरोबर होता, ताई. तुम्ही बरोबर लावला होता. मी खोटं बोललो."

 मावशींनी बाजेवरचा माझा अर्धा राहिलेला चहा उचलला, निंबाच्या बुडाशी ओतला आणि कप घेऊन आत गेल्या.

मी उभाच होतो. निघावं की थांबावं कळेना. मग म्हातारी त्या बाईला म्हणाली, "काढ वं तुहा फोन. लाव आता. ह्याच्यापुढं लाव."

बाईनं कमरेचा फोन काढला. एकेक बटण दाबताना ती मोठ्यानं आकडा म्हणत होती आणि दर आकड्याला माझ्याकडे पाहत होती. मी मान हलवत होतो. शेवटचा आकडा झाला. तिनं फोनचा आवाज मोठा केला. रिंग जायला लागली.

मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. फोनकडे कोणीच बघत नव्हतं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. रविवारची लाइन कुठं उतरते ते मला पक्कं माहीत होतं. मीच फिरवली होती. तरी पलीकडून कोणी उचलेपर्यंत मला मान वर करता आली नाही.