लाल पट्टी, निळी पट्टी

आमच्या ऑपरेशनच्या शेडात किस्से शेणासारखे पडायचे. संध्याकाळी लख्ख झाडून घरी जावं, तर सकाळी पुन्हा तेवढेच! शेण निदान उकिरड्यावर टाकता येतं. किस्से कुठं टाकायचे? ते राहिले माझ्या डोक्यात. आता रिटायर होऊन घरी बसलेय, तर शेजारणी येतात आणि म्हणतात, "आक्का, तो मोटारसायकलीचा सांगा की!" सांगून सांगून तोंड दुखलं. म्हणून लिहूनच काढते.

आधी माझं सांगते. मी यमुना. शाळेची पायरी चढले नाही. वाचायला शिकले ती पेंडीच्या पोत्यांवरून आणि औषधांच्या खोक्यांवरून. 'थंड जागी ठेवा' हे मी आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य. शेवगावच्या बाजूला जनावरांचा मोठा दवाखाना होता, तिथं झाडायला म्हणून लागले आणि जनावर धरायला कायम झाले. शेळी धरणं म्हणजे काय, ते जिनं धरलीय तिलाच माहीत. बाकीच्यांनी गप्प बसावं.

ऑपरेशनं करायचे देशमाने सर. जुन्या वळणाचा माणूस. दोर घ्या, जनावर पाडा, पाय बांधा, कापायचं तेवढ्याच जागी बधिर करा, उरका! पण हात असा चालायचा की बघत राहावं.

मग आल्या रूथ मॅडम. नगरच्या, ख्रिश्चन घरातल्या, अंगानं माझ्या निम्म्या. त्यांचं पुढचं शिक्षण चालू होतं. शेळ्यांना आणि गाईबैलांना पूर्ण भूल द्यायची तर कोणतं औषध कशात मिसळलं म्हणजे जनावर नीट झोपतं आणि नीट उठतं, हे त्यांना शोधायचं होतं. दोन मिश्रणं होती. एका सिरिंजला लाल पट्टी, दुसरीला निळी.

"झोपवणं सोपं असतं हो मावशी," त्या मला म्हणायच्या. "उठवणं अवघड!"

खरंच होतं ते. रवंथ करणारं जनावर जास्त वेळ आडवं पडलं की त्याचं पोट फुगतं. पोटातलं तोंडात येतं आणि श्वासात गेलं की खेळ खलास.

सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "प्रयोग करा, माझी ना नाही. पण ही लोकांच्या दारातली जनावरं आहेत. एक जरी उठलं नाही ना मॅडम, त्या दिवशी तुमचं लाल-निळं बंद. मग आपला दोर बरा."

म्हणजे बघा, दर ऑपरेशनला टेबलावर शेळी एकटी नसायची. मॅडमही असायच्या!

*

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. भूल द्यायची तर जनावर आदल्या दिवसापासून उपाशी पाहिजे. मॅडमनी एका बाईला चार-चार वेळा समजावून सांगितलं होतं. बाई शेळी घेऊन आली, तर शेळीच्या कपाळावर हळदकुंकू!

"काही खायला दिलं नाही ना?"

"न्हाई मॅडम. तुमी सांगितलं तसंच केलंय."

सुई दिली, शेळी झोपली, आणि थोड्या वेळात तिच्या तोंडातून भाकरीचे तुकडे यायला लागले. मॅडम पांढऱ्याफटक. मी शेळीचं डोकं खाली केलं, बोटं घालून तोंड साफ केलं. सर बघत असे होते की बोललेले परवडले.

"अहो, ही भाकरी कुठून आली?" मॅडम ओरडल्या.

बाई म्हणाली, "चारा देऊ नका म्हनल्या व्हत्या. चारा न्हाई दिला. पन दारातून निघालेल्या जिवाला उपाशी कसं धाडायचं? लेक सासरला निघाली तरी आपन हातावर काहीतरी ठेवतोच की!"

"आणि पाणी?"

"छ्या! पानी थेंबभर न्हाई दिलं."

मॅडमनी सुस्कारा सोडला.

"च्या दिला."

शेळी उठली, देवाची कृपा. पण त्या दिवसापासून मी फर्मान काढलं. जनावर आदल्या दिवशीच माझ्या ताब्यात द्यायचं, तोंडाला मुसकं बांधून. मालकिणी कुंपणाबाहेरून मला शिव्या द्यायच्या. एक तर म्हणाली, "सटवे, तुला लेकरंबाळं हायेत का न्हाई?" मी म्हटलं, "हायेत. पन ती मुसकं बांधल्यावर एवढी वरडत न्हाईत!"

*

ही भूल मोठी विचित्र. जनावर गाढ झोपतं, पण डोळे टक्क उघडे! तुमच्याकडेच बघतंय असं वाटतं.

नेवाशाकडची एक म्हातारी आली होती. तिच्या शेळीच्या मांडीला गाठ. शेळी झोपली, सरांनी ब्लेड हातात घेतलं आणि म्हातारी मध्ये आडवी पडली.

"कापू नका! जागी हाय ती! बघती माझ्याकडं!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आजी, तिला काही कळत नाहीये. हे बघा." आणि त्यांनी शेळीच्या दोन खुरांच्या मधे चांगला चिमटा काढला. शेळी हलली नाही. "बघितलंत? जागी असती तर पाय ओढला असता."

म्हातारीनं वाकून शेळीच्या डोळ्यांत बघितलं. मग म्हणाली, "आमचं म्हातारं बी असंच डोळं उघडं ठिऊन पडतंय. चिमटं काढलं तरी हालत न्हाई. म्हनून काय त्याला कापायचं व्हय?"

सर हसले की! ब्लेड खाली ठेवून, तोंड भिंतीकडे करून हसले. शेवटी म्हातारीला मी बाहेर नेऊन लिंबाखाली बसवलं. गाठ निघाली, शेळी उठली, म्हातारी तिच्या गळ्यात पडून रडली. जाताना मॅडमना म्हणाली, "बाई, हात गुनाचा हाय तुजा. पन तेवढं डोळं मिटायचं बघ कायतरी!"

*

आता तो मोटारसायकलीचा.

एका बड्या बागायतदाराचा खिलार बैल आला. शिंगाला कॅन्सर झालेला, शिंग मुळापासून काढायचं होतं. बैल म्हणजे काय, डोंगर! मालकही तसाच. बैल ट्रकमधून, मालक त्याच्यापुढं कोऱ्या करकरीत मोटारसायकलवरून. बैल उतरवला तो मालकाच्या गाडीशेजारीच.

आता गंमत अशी, की गाईबैलांना हे औषध अगदी थोडं लागतं. घोड्याला लागतं त्याच्या कितीतरी कमी. मॅडमनी सिरिंज भरली, ती बघून मालकाचा अपमान झाला.

"ओ मॅडम, एवढंसं? ह्यो बैल हाय! शेळीचं इंजेक्शन दिऊ नका!"

"पुरेल तेवढं."

"आवो, शर्यतीत पळालेलं जनावर हाय त्ये. त्याला काय व्हतंय एवढ्यानं? भरा, भरा, पूर्न भरा! औषध संपलं आसंल तर मी नगरवरून मागवतो."

मी म्हटलं, "मालक, तेवढी गाडी बाजूला घ्या."

"गाडीला काय व्हतंय? आमचा बैल काय पडनाराय का!"

मॅडमनी सुई दिली. मालक मिशीवर हात ठेवून सगळ्यांकडे बघत उभे. बैलानं मान खाली घातली. तोंडातून लाळेची तार लागली. मागचे पाय लटपटले. मग डोळे अर्धवट मिटून, एखादे पाहुणे जेवून लोडाला टेकावेत तसा, तो अगदी सावकाश मोटारसायकलीवर बसला.

ऑपरेशन छान झालं. संध्याकाळच्या आत बैल उठला.

मोटारसायकल नाही उठली.

*

भूल उतरायला लागली की शेळी झिंगते. उभी राहते, दोन पावलं टाकते, भिंतीला धडकते, पुन्हा बसते. आमच्या दवाखान्याच्या मागं राहणारा एक गडी हे रोज कुंपणावरून बघायचा. त्याचं नाव घेत नाही, त्याची बायको अजून माझ्याकडे विरजण न्यायला येते. गडी पिण्यात गावाचा पुढारी!

एक दिवस गाल धरून आत आला. "आक्का, दाढ दुखती. त्यातलं थोडं द्या की."

"कशातलं?"

"निळ्यातलं. लाल नगं. लालवाल्या शेळ्या लवकर उठत्यात. म्या बघितलंय."

मॅडम हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघायला लागल्या. इतके दिवस त्या घड्याळ लावून जे पडताळत होत्या, ते हा कुंपणावरून फुकटात सांगत होता!

मी म्हटलं, "देते की. काल रातीपासून उपाशी हायेस का?"

"न्हाई."

"मंग आज मुसकं बांधते, उद्या ये."

पुन्हा दाढ दुखली नाही त्याची.

*

मॅडमची एक सवय होती. सुई देण्याआधी शेळीच्या मानेवर हात ठेवून डोळे मिटायच्या. ओठ जरासे हलायचे. तसं मीही टेबलाला हात लावून कपाळाला लावायची, पण माझ्याकडे कोण बघतंय? सरांनी एकदा मॅडमना बघितलं.

"मॅडम, देवावर सोडायचं होतं तर औषधांचा एवढा खटाटोप कशाला?"

"सर, औषध शेळीसाठी असतं," मॅडम म्हणाल्या. "हे माझ्यासाठी."

 त्यानंतर दरवेळी, मॅडमच्या हातात सिरिंज आली की सर खोकल्याचं निमित्त करून शेडाबाहेर जायचे आणि अंगणात उगीच इकडंतिकडं बघत उभे राहायचे. मॅडमचे डोळे उघडले की मग खोकला बरा!

आता तिथं फरशीची खोली झालीय म्हणतात. मोठा दिवा, गॅसची भूल, मशीन आपोआप ठोके मोजतं. चांगलंच आहे. मी काही जुन्याची आरती ओवाळणारी बाई नाही. पण स्पिरिटचा आणि उकळत्या पाण्यातल्या कात्र्यांचा वास, लिंबाखाली पोत्यांच्या टेकूवर बसवलेल्या गुंगीतल्या शेळ्या, आणि त्या उठेपर्यंत हातातला चहा तसाच गार करणारे आम्ही तिघं... ते मशीनला कुठून दिसणार!

*

आणि ही भागाबाईची.

भागाबाई मेंढपाळवाडीची. तिची शेळी नुकती व्यालेली, दोन पिल्लं. लग्नाच्या मांडवामागं चरताना शेळीनं प्लॅस्टिकच्या पिशव्या गिळल्या होत्या. खाणं बंद, रवंथ बंद, दूध आटत चाललेलं. पिल्लं घरी कुणाकडं ठेवणार? म्हणून भागाबाईनं तीही टेम्पोतून आणली आणि शेडाच्या कोपऱ्यात वेताच्या पाटीखाली झाकून ठेवली.

लाल-निळं आलटून-पालटून द्यायचं, त्या दिवशी लाल पट्टीची पाळी होती. मॅडमनी भूल दिली. सरांनी पोट उघडलं आणि पिशव्यांचा हा एवढा गोळा काढला. टाके घातले. सगळं सुरळीत!

मग आम्ही शेळीला पोत्यांचा टेकू देऊन बसवलं आणि वाट बघायला लागलो. उठताना हाक मारायची नाही, हात लावायचा नाही, हलवायचं नाही, असा मॅडमचा कडक नियम. जनावर आपलं आपण उठलं तरच औषधाची खरी वेळ कळते.

लालवाल्या शेळ्या उठायची वेळ आली. शेळीनं मान टाकलेलीच. वेळ गेली. मान टाकलेलीच. आधीच अशक्त जनावर ते. भूल उतरवायचं वेगळं औषध असतं, पण ते तेव्हा आमच्याकडे नव्हतं. डावी कूस हळूहळू फुगून वर यायला लागली. मॅडम गुडघ्यावर बसल्या, एक हात शेळीच्या पोटावर, डोळे मनगटावरच्या घड्याळावर.  सर पोटातला वायू काढायची नळी घेऊन आले आणि मॅडमच्या मागं उभे राहिले.  बोलायची गरजच नव्हती, पहिल्या दिवशी बोलले होते ना!

भागाबाई म्हणाली, "मॅडम, झालं न्हवं समदं? मंग उठवा की तिला. लेकरं भुकेजल्यात."

 मी म्हटलं, "थांब बाई जरा."

"किती थांबू? त्यास्नी काय कळतंय तुमचं लाल न् निळं!" असं म्हणाली आणि तिनं पाटी उचलली.

एक पिल्लू सुटलं ते सरांच्या पायात घुसलं. दुसरं सरळ आईकडे.

"मावशी, धरा त्याला!" मॅडम ओरडल्या.

जन्मभर मी धरण्याचाच पगार घेतला. त्या दिवशी नाही धरलं. हात पाठीमागं बांधून उभी राहिले.

पिलानं पोत्याच्या फटीतून तोंड घातलं आणि कासेला ढुशी दिली. एक. पुन्हा एक. शेळीचा कान हलला. पिल्लू चिडलं, ओरडलं, आणि सगळा जोर लावून अशी ढुशी मारली की पोतं सरकलं. शेळीच्या गळ्यातून तो बारीक, घुमा आवाज आला, जो व्यालेली शेळीच काढते. मान वर आली. मोठ्ठा ढेकर आला. पुढचे गुडघे टेकले, मागचे पाय उचलले, लडबडली, बसली, पुन्हा उचलले... आणि उभी! डुलत होती, पण पिलाचं शेपूट हुंगत होती.

भागाबाई म्हणाली, "ही बगा. उगंच थांबवलं मला."

मॅडमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तरी नजर घड्याळावर! रडत रडतच त्या म्हणाल्या, "सर, वेळ काय धरू? ही लालची वेळ की पिलाची?"

सरांनी खाली वाकून पायातलं पिल्लू उचललं. त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "पुढच्या शेळीला निळं द्यायचंय ना?"

"हो सर."

"मग तिलाही पिल्लू घेऊन यायला सांगा. नाहीतर बरोबरी कशी व्हायची?"