सगळ्यांचा श्वास वीस

"म्हण. मोठ्यानं म्हण. साठपर्यंत."

भर राउंडमध्ये डॉक्टर मला सांगत होते. बायकांचा वॉर्ड, सकाळचे साडेदहा. त्यांच्या मागं दोन शिकाऊ डॉक्टर, मोठ्या सिस्टर, ड्रेसिंगची गाडी धरून उभी असलेली मावशी. पलंगांवर पेशंट, खाली चादरी टाकून बसलेले नातेवाईक. सगळे माझ्याकडे पाहत होते.

मी म्हटलं. एक. दोन. तीन. सतराच्या पुढं आवाज चिरकला.

"ऐकू येत नाही."

मी आवाज चढवला आणि साठपर्यंत पोचले. एक शिकाऊ डॉक्टर हसू दाबत खिडकीकडे वळला.

"म्हणजे अंक येतात. मग श्वास मोजताना काय होतं? यांना नुसतं पास करून सोडतात, मोजायला कोणी शिकवत नाही."

यांना म्हणजे कोणाला, ते वॉर्डात सगळ्यांना कळलं. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला आडनाव विचारलं होतं. मग गाव. मग नुसतं "अच्छा" म्हणाले होते.

माझा गुन्हा एवढाच. सात नंबरच्या आजीच्या चार्टवर, श्वासाच्या रकान्यात, मी बत्तीस लिहिलं होतं.

त्या दवाखान्यात सगळ्यांचा श्वास वीस असायचा. ताप पाहिला जायचा, बीपी घेतलं जायचं. श्वास मोजायला मात्र पूर्ण मिनिट लागतं, आणि तीस पेशंटमागे आम्ही दोघी नर्स. म्हणून त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत वीस. दम्याच्या बाईचा वीस. तापानं फणफणलेल्या पोरीचा वीस. एकदा तर सुट्टी होऊन गेलेल्या बाईच्या रिकाम्या पलंगाचाही वीस लिहिला गेला होता. मोठ्या सिस्टरांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "वीस लिही अन् मोकळी हो बाई. इतक्या वर्षांत मले एकाही डॉक्टरनं विचारलं नाई."

मी उंद्री गावची. वडील दुसऱ्याच्या शेतात रोजानं जात. घरात पदवी घेणारी मी पहिली. नोकरी लागली ती जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, तरी वडील एसटीनं आले होते. आत आले नाहीत. फाटकाशी उभं राहून मला गणवेशात पाहिलं आणि परत गेले.

नर्सिंग कॉलेजात आम्हाला संशोधन हा विषय होता. गृहीतक, नमुना, निष्कर्ष. आम्ही पाठ केलं आणि पास झालो. त्यातलं खरं काही कळलं ते बीबी गावाकडच्या एका मॅडममुळे. त्या म्हणायच्या, "पोरींनो, संशोधन म्हणजे जाडी फाईल नाई. मोजा. मोजलं तेच लिहा. अन् लिहिलं का मंग विचारा, असं काऊन?" श्वास मोजायची रीतही त्यांचीच. नाडी पाहतोय असं दाखवून मनगट धरायचं आणि डोळे छातीवर ठेवायचे. आपला श्वास कोणी मोजतंय हे कळलं की माणूस तो बदलतो.

त्या सकाळी मी सात नंबरच्या आजीचं मनगट तसंच धरलं होतं. आजी वरवट बकालकडच्या. पायात काटा रुतून पू झालेला. ताप थोडा, बीपी ठीक, बोटाच्या मशीनवर ऑक्सिजन ठीक. श्वास बत्तीस. मी पुन्हा मोजला. बत्तीस. मॅडमनी शिकवलेलं आठवलं, जखमेतला जंतू अंगात पसरायला लागला की कधी कधी श्वास सगळ्यांच्या आधी वाढतो. हे राउंडला सांगायचं असं मी ठरवलं. वाक्य मनात जुळवून ठेवलं.

"सर, श्वास काऊन वाढला असेल..." एवढंच बोलले.

"काऊन!" त्यांनी माझ्यासारखा हेल काढून म्हटलं. "इथं प्रश्न मी विचारतो. संशोधन करायला आलीस का?"

आणि मग ते साठपर्यंत मोजणं.

त्यानंतर त्यांनी चार्ट माझ्यापुढं धरला. "दुरुस्त कर."

मी बत्तीसवर रेघ मारली. वर वीस लिहिलं. सही केली. माझा हात कोणी धरला नव्हता. वर म्हणाले, "सॉरी सर. थँक यू सर."

थँक यू. कशाबद्दल? उभं राहू दिलं म्हणून? शाळेच्या गुरुजींपासून कॉलेजच्या क्लार्कपर्यंत सगळ्यांचे आभार मानत मी इथवर आले होते. ते शब्द तोंडातून आपोआप निघाले. आजही एकटी असताना ते आठवतात आणि कान तापतात.

पुढचे दोन दिवस मी सात नंबरच्या पायथ्याशी उभी राहून वीस लिहिलं. मनगट धरलं नाही. धरलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर लिहावं लागलं असतं.

तिसऱ्या सकाळी आजींनी सुनेला ओळखलं नाही. बीपी उतरलं. धावपळ करून त्यांना अकोल्याला पाठवलं. सून रडत होती. डॉक्टरांनी तिला चार्ट दाखवला. "अचानक बिघडलं हो. हे पाहा, कालपर्यंत सगळं नॉर्मल होतं."

त्यांच्या बोटाखाली माझं अक्षर होतं.

आजी वाचल्या. दीड महिन्यानं ड्रेसिंगला आल्या तेव्हा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. मी तोंड चुकवून जात होते. त्यांनीच हाक मारली.

"ये माय. ओळखलं नाई का मले?"

"ओळखलं, आजी."

"पह्यल्या दिवशी माहा हात किती येळ धरून बसली होती तू! मले वाटलं, लेकच आली. मंग धराले आलीच नाई. काऊन वं?"

माझ्याकडे उत्तर होतं. मी ते दिलं नाही. पट्टी बांधत राहिले.

त्या संध्याकाळी मी एक वही घेतली. पहिल्या पानावर लिहिलं: पलंग सात. मोजला बत्तीस. लिहिला वीस. सही माझी. मग महिनाभर माझ्या पाळीतल्या प्रत्येक पेशंटचा श्वास मोजला. एका बाजूला माझा अंक, दुसऱ्या बाजूला आधीच्या पाळीत चार्टवर पडलेला. दुसऱ्या बाजूला पानंच्या पानं वीस. वहीची प्रत दवाखान्याच्या मोठ्या साहेबांकडे दिली. पहिल्या पानासकट.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "पागल झाली का वं? ते पान तरी फाडाचं. पह्यले तूच मरशीन."

बरोबर बोलल्या. खोटी नोंद केल्याबद्दल पहिली नोटीस मलाच आली. डॉक्टरांना अजून आलेली नाही.

नोटीस मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी राउंड. चार नंबरची बाई, श्वास अठ्ठावीस. डॉक्टरांनी चार्ट माझ्याकडे सरकवला. "पुन्हा तेच? वीस कर."

"नाही, सर."

या वेळी माझा आवाज चिरकला नाही.

"तुम्ही यांचं मनगट धरा. घड्याळ माझ्याकडे आहे. साठपर्यंत मी म्हणते. मोठ्यानं."

त्यांनी मनगट धरलं नाही. मावशीला गाडी पुढं घ्यायला सांगून पुढच्या पलंगाकडे गेले. अठ्ठावीस तसाच राहिला.

नोटिशीचं उत्तर मी आज लिहिलं. थोडंच आहे. सात नंबरच्या पेशंटचा श्वास बत्तीस होता. मला माहीत होता. मी वीस लिहिला. त्याची जी शिक्षा असेल ती द्या. पण माझी सही असलेल्या चार्टवर न मोजलेला अंक यापुढे पडणार नाही. आणि त्या आजींना तो हात का सोडला, हे मी त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या सुनेसमोर सांगणार आहे.