राखणदाराची लाल बाटली

बँकॉकच्या हॉटेलाबाहेर देवापुढे ठेवलेलं सरबत मी पिऊन टाकलं. नळीनं. तळाचं शेवटचं सुद्धा, सुर्र असा आवाज करून.

हे असं एका दमात सांगितलं की माणूस अट्टल वाटतो. तेव्हा जरा मागून सांगतो.

आमचं घर पेडण्यातल्या हरमलला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. गोवा घटक राज्य झालं त्या सुमाराला बाबांनी पडवीला भिंत घालून पहिली खोली काढली आणि ती एका दाढीवाल्या गोऱ्याला भाड्यानं दिली. पुढे खोल्या वाढल्या, गोरे वाढले, दाढ्या वाढल्या. बाबांच्या पश्चात हा पसारा माझ्याकडे आला. साऱ्या जगाची सुट्टीची लाडकी जागा म्हणजे माझं अंगण, आणि म्हणूनच मला जन्मात सुट्टी नाही! दर हंगामात कोणी ना कोणी पाहुणा विचारायचा, "आणि तुम्ही सुट्टीला कुठे जाता?" मी सांगायचो, "म्हापशाला." (शुक्रवारच्या बाजाराला. पण तेवढं स्पष्ट कशाला करा?)

त्या हंगामात आणखी एक प्रकार घडला होता, तो इथेच सांगून टाकतो. एका नव्या गोऱ्यानं समुद्रावरून येऊन आपली ओली चड्डी आमच्या तुळशीवृंदावनावर वाळत घातली. आई खराटा घेऊन धावली. गोरा पुढे, आई मागे, आणि दोघांच्या मधे मी.

"आये, सोड गो! परको मनीस तो, ताका काय कळता?"

"कळना तर विचारूचां! तोंड असा मगे त्येका?"

गोऱ्यानं हात जोडले, चड्डी उचलली आणि जाईपर्यंत रोज सकाळी तुळशीला लांबून सलाम केला. तरी आईनं त्याला पूर्ण माफ केलं नव्हतं.

पाऊस लागला, खोल्या रिकाम्या झाल्या आणि मी जाहीर केलं, "यंदा आपण परदेशात सुट्टी घालवायची!" माझी बायको सुनंदा आनंदानं बॅग शोधायला माळ्यावर चढली. आईचा तोवरचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे वाळपईची मावशी. ती म्हणाली, "थंय उंडो गावता?" मी म्हटलं, "पाव सगळ्या जगात मिळतो, आये." झालं, आई तयार.

विमानात मी दोघींना ज्ञान दिलं. शेवटी मी पाहुणचाराच्या धंद्यातला जुना माणूस! "बघा," मी म्हटलं, "चांगल्या हॉटेलात पाऊल ठेवलं की पहिलं थंड सरबत देतात. मी नाही पाहुण्यांना कोकम देत? सरबत नाही मिळालं तर समजायचं, हॉटेल हलकं."

"आणि मिळालं तर?" सुनंदानं विचारलं.

"तर न विचारता प्यायचं. विचारलं की खेडवळ दिसतो."

हे वाक्य पुढे मला किती वेळा ऐकवलं गेलं त्याचा हिशोब ठेवलेला नाही.

हॉटेल छोटं, घरगुती होतं. मालकीणबाई आईच्याच वयाच्या, हसऱ्या. इंग्रजी त्यांचं नि माझं सारख्याच पायरीवरचं, त्यामुळे छान जमलं. त्यांनी पासपोर्ट पाहिले, परत दिले, मी ते गळ्यातल्या थैलीत घातले. पैसे सुनंदाकडे होते. (माझ्याकडे फक्त जबाबदारी देतात.) दोघी खोली बघायला वर गेल्या आणि मी बॅगांजवळ थांबलो. सरबताचा पत्ता नव्हता. घशाला कोरड पडली होती आणि हॉटेल हलकं निघतंय म्हणून मन खट्टू झालं होतं.

तेवढ्यात दारापाशी, अंगणाच्या कोपऱ्यात, मला ती दिसली. एका खांबावर छानसं नक्षीदार लाकडी घर, त्याच्यापुढे फळी, फळीवर झेंडूच्या माळा, केळी, आणि मधोमध लाल सरबताची उघडलेली बाटली. तिच्यात नळीसुद्धा घालून ठेवलेली! मनात म्हटलं, वा! याला म्हणतात सजावट. आपण हरमलला नुसता ताटलीतून पेला पुढे करतो. गळ्यातली थैली आणि कॅमेरा एकमेकांत अडकत होते, म्हणून थैली काढून फळीवर ठेवली, दोन्ही हातांनी बाटली धरली आणि संपवली. वर एक केळंही खाल्लं.

थोड्या वेळानं आई खाली आली. त्या लाकडी घराकडे नजर गेली मात्र, ती चप्पल काढून उभी राहिली. हात जोडले. डोळे भरून आले.

"बाळा, बघ रे! राखणदार!"

मी केळ्याची साल हळूच खिशात सरकवली.

आमच्याकडे गावच्या शिवेवर राखणदार असतो. जागेचा धनी. रात्री-अपरात्री वाट चुकलेल्याला घरी आणतो, म्हणून त्याच्या जागेचा मान प्रत्येकानं ठेवायचा. त्याला रोट देतात, कुठे विडी ठेवतात, आणि त्याच्यापुढचं उचलायची छाती गावातल्या मांजराला सुद्धा होत नाही. ह्या लोकांचा राखणदार सुबक होता, लाल सरबत पिणारा होता, पण राखणदारच होता. आईला ते क्षणात कळलं. मला कळायला आधी पोट भरावं लागलं.

बोलावं की नाही या विचारात मी होतो तोच मालकीणबाई आल्या. त्यांनी रिकामी बाटली पाहिली. डोळे विस्फारले. मग आईकडे पाहिलं, पुन्हा बाटलीकडे, आणि त्यांनी आईचे दोन्ही हात हातात घेतले.

"देव खूश!" त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "सगळं प्यायला! कधी पीत नाही! तुम्ही आला, देव प्यायला!"

"काय म्हणता ती?" आईनं विचारलं.

"म्हणते... तू आल्यामुळे देवाला आनंद झाला."

"जाणतो असा हो," आई देवाला उद्देशून म्हणाली.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कोण खरं बोलेल? मी नाही बोललो. थैलीचा तर मला त्या गडबडीत पूर्ण विसर पडला.

पुढचे दिवस आईचे सोन्याचे गेले. रोज सकाळी ती आणि मालकीणबाई त्या घरापुढे उभ्या राहत. एक आपल्या बोलीत बोले, दुसरी आपल्या. सुना, गुडघे आणि मासळीचे वाढलेले भाव यांवर दोघींचं एकमत होत असावं, कारण माना एकदमच हालत. आम्हाला आंबे आले, भात आला, शेवटी आईला उंड्याच्या जवळ जाणारा पावही आला. मी मात्र त्या कोपऱ्याकडे फिरकत नव्हतो. बाजारात माझी चप्पल तुटली, होडीत माझ्याच डोक्यावर पाणी पडलं, आंघोळीत साबण लावल्यावर नळ गेला. दर वेळी मी मनात म्हणत होतो, माफ कर रे बाबा, तहान लागली होती!

परतीच्या सकाळी टॅक्सी दारात आली आणि सुनंदा म्हणाली, "पासपोर्ट द्या हो माझ्याकडे."

मी गळ्यात हात घातला. खिशांत घातला. बॅग उपसली. आईची पिशवी उपसली. तिच्यात तिनं गावाहून आणलेली सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, निघाली, पासपोर्ट नाही.

"शेवटी कुठे ठेवले होते?" सुनंदा.

"सुरक्षित जागी."

"ती कुठची?"

"तेच तर आठवत नाही."

विमान चुकलं तर पुढे काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. चवथ तोंडावर आलेली. घरी मखरावर फळापानांची माटोळी बांधायची, गणपती आणायचा, आणि आणणारा मी इथे विनाकागदाचा! आईचा चेहरा उतरला. ती एकच म्हणाली, "बाबांच्या मागे चवथ कधी चुकूक नाय." मग पदर खोचला. "राखणदाराक सांगया."

आम्ही तिच्या मागोमाग अंगणात गेलो, आणि आई मधेच थबकली. फळीवर, नव्या-जुन्या माळांच्या ढिगात, माझी थैली होती! तिला झेंडूचा स्वतंत्र हार घातला होता. पुढे उदबत्ती लावली होती. एक छोटं केळंही होतं. रोज माळांखाली झाकलेली ती आईला देवाचीच काही वस्तू वाटली होती. मालकीणबाईंना वाटलं होतं की ह्या भक्त कुटुंबानं नवसाची काही वस्तू देवाला वाहिली, म्हणून त्या रोज तिचीही पूजा करत होत्या! परक्याच्या वाहिलेल्या वस्तूला हात कसा लावायचा?

"मिळाली!" मी ओरडलो आणि हात पुढे केला.

"खबरदार!" आई.

त्याच क्षणी मालकीणबाईंनीही त्यांच्या भाषेत तोच शब्द उच्चारला असावा. दोघींनी माझं एकेक मनगट धरलं.

"देवाफुडचां असां उचलतत?" आई म्हणाली. "आदी गाऱ्हाणां घाल. मगे कौल घे. त्येणां होय म्हटल्यार उचल."

बाहेर टॅक्सीवाल्यानं भोंगा वाजवला.

गाऱ्हाणं आमच्याकडे पुरुषमाणूस घालतो. बाबा घालायचे तेव्हा आंबे मोहरावेत असं घालायचे. मी खोल्यांचं भाडं मागण्यापलीकडे कधी कोणापुढे काही बोललेलो नाही. तरी घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा! ह्या बँकॉक गावच्या..."

"शीम सांग," आई कुजबुजली. म्हणजे हद्द नेमकी हवी.

"...ह्या गल्लीच्या, ह्या हॉटेलाच्या राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई आणि सुनंदा. दुसऱ्या खेपेपासून मालकीणबाईही म्हणू लागल्या. त्यांचा सूर आमच्यापेक्षा चांगला लागला.

"आज तुझी लेकरां लांबच्या वाटेक लागली हत. त्यांचे कागद तुझ्याकडे हत. ते त्यांका दी, आणि चवथीक घरी पोचय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग आईनं झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून त्या लाकडी घराच्या भिंतीला चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आम्ही पाहत राहिलो. पाकळ्या हलेनात. भोंगा वाजला. पाकळ्या ढिम्म! मी हळूच तोंड पुढे नेलं आणि उजवीच्या रोखानं बारीक...

"फुंकर मारू नको!" आई न बघता म्हणाली.

आणि डावी पडली.

सुनंदा मटकन पायरीवर बसली. आईनं शांतपणे आमच्या दोघांकडे पाहिलं. गावच्या देवळात असं झालं की जसं विचारतात तसंच विचारलं, "कोणाची तरी चूक असा. कोण बोलता?"

भोंगा. मी सुनंदाकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. (तिची चूक असती तर किती बरं झालं असतं!)

"आये," मी म्हटलं, "ती पहिल्या दिवशीची बाटली देवानं नव्हती प्यायली."

"मगे?"

"मला वाटलं, हॉटेलाचं सरबत."

आईनं माझ्याकडे पाठ फिरवली. मालकीणबाई "काय झालं?" असं खुणेनं विचारत होत्या. इंग्रजी आठवेना, म्हणून मी दोन्ही हातांनी बाटली धरल्याचा अभिनय केला, नळी तोंडात घेतली आणि शेवटचा तो सुर्र आवाजही केला. मग प्रामाणिकपणानं केळं सोलून दाखवलं.

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या घरचा चमत्कार माझ्या पोटात गेला होता! मला वाटलं आता पायातली चप्पल काढतात. पण त्यांचे खांदे हलायला लागले, मग पोट, मग त्या सुनंदाशेजारी पायरीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

मी कोपऱ्यावरच्या दुकानात धावलो आणि त्याच लाल सरबताच्या हाताला लागतील तेवढ्या बाटल्या आणल्या. उघडल्या, नळ्या घातल्या, ओळीनं मांडल्या. कान धरले. टॅक्सीवाला भोंगा वाजवायचा सोडून आत येऊन उभा राहिला होता. त्यानंही हात जोडले. आईनं पुन्हा पाकळ्या लावल्या.

उजवी पडली. लगेच! जणू तो बाटल्यांचीच वाट बघत होता.

थैली हारासकट माझ्या गळ्यात आली. मालकीणबाईंनी आईला मिठी मारली. टॅक्सी सुटली तेव्हा त्या दारात उभ्या राहून मोठ्यानं ओरडल्या, "व्हय म्हाराजा!"

विमानतळावर पासपोर्टाच्या पानांतून झेंडूच्या पाकळ्या गळाल्या. अधिकाऱ्यानं त्या जपून गोळा करून मला परत दिल्या. विमान वेळेवर मिळालं. चवथ होणार होती. सगळं मार्गी लागलं होतं, फक्त आई माझ्याशी बोलत नव्हती. टॅक्सीत नाही, रांगेत नाही, विमान उडालं तरी नाही. शेवटी एका बाईनं ताटलीतून सरबत आणून पुढे धरलं. मी हात पुढे केला, मागे घेतला आणि विचारलं, "हे आमच्यासाठीच ना?"

तेव्हा आईनं तोंड उघडलं.

"त्या गोऱ्याक मी उगीच खराट्यान धावडावलंय," ती सुनंदाला म्हणाली. "बिचाऱ्यान नुसती चड्डी वाळत घातल्यान. तुळस खाऊक नाय!"