बाईची बाटली

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळही नाही — तो गेला, त्याला न कळताच गेला. तुम्हालाच का सांगते आहे, तेही नीट ठाऊक नाही. एका जागी बसवत नाही, एवढंच.

ऐंशीच्या दशकात आम्ही आलापल्लीला राहायचो. नवरा सागवानाच्या डेपोत कामाला. सासूला सगळे बाई म्हणायचे, मीही. साठी उलटलेली, तरी चालण्यात मला मागे टाकायची. त्या हिवाळ्यात मात्र तिचे पाय सुजायला लागले, चुलीपासून उठली तरी धाप. मी तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तिची लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवली. दूध नासावं तशी ती फाटली. बाईला बाहेर बसवून ते मला म्हणाले, "लघवीतून प्रथिनं जाऊन राह्यली. या वयाच्या बाईत ही हृदयाच्या धोक्याची खूण असू शकते. उद्या सकाळची पहिली लघवी आणा. पुन्हा फाटली तर चंद्रपूरला भरती करू. घरची बाई सोबत लागेल."

घरची बाई म्हणजे कोण? मीच ना. आणि त्याच आठवड्यात सिरोंच्याला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न. कित्येक दिवसांत माहेर पाहिलं नव्हतं — पण थांबा, हे मी कारण म्हणून सांगत नाही.

सकाळी बाईनं पदराखालून बाटली दिली. "मले लाज वाटते वो, तूच नेऊन दे." मी निघाले. नाल्यापाशी — कसं सांगू? — झुडपाआड गेले. बाईची बाटली ओतली, धुतली, आणि माझी भरली. बूच घट्ट लावलं.

दवाखान्यात तापवल्यावर नळी स्वच्छ राहिली. "बाईचीच आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं. मी हो म्हटलं.

लग्नात मी नाचले. परत आले तर बाई खुशीत. दुखण्यामुळे यंदा मोहाची फुलं वेचायला जायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण फुलं पडायला लागली तशी तिनं टोपली काढली. "डॉक्टरनं साफ सांगतलं ना, मंग बसून काऊन राहू?" थांब म्हणायला किती वेळ लागतो? मी तिला भाकरी बांधून दिली.

मोहाखालीच गेली ती. छाती दाबून बसली म्हणे, आणि उठलीच नाही. चंद्रपूरला नेलं असतं तर वाचली असती का? कोण जाणे. हा प्रश्न माझ्या सोयीचा आहे, म्हणून मी तो फार वेळा विचारते.

मौतीला आलेल्या बायकांना बाई आधीच सांगून बसली होती — "माह्या सुनेनं माही बाटली हातात धरून नेली. पोटची पोरगी नाई करत." तेच मला ऐकवत त्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

मी फिरवू दिला.